नलूताईंची धाप

नलूताई आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. माझी भोरच्या शाळेत बदली झाली, त्या पहिल्याच संध्याकाळी मी त्यांच्या खानावळीत बाकावर बसले होते आणि आतून लोहाराचा भाता चालावा तसा आवाज येत होता. मला वाटलं, आत कुणी दमेकरी म्हातारं माणूस असेल. तेवढ्यात पडदा सरकला आणि भाकरीची टोपली कडेवर घेऊन एक अवाढव्य बाई बाहेर आली. "नव्या बाई न्हवं तुमी? गणिताच्या?" एवढं बोलून ती थांबली, श्वास घेतला, आणि पुढं म्हणाली, "लई बारीक हाय की ओ. बसा, बसा. आमटी आणती."

मी बसले. बसणं हे मला उत्तम जमतं. नलूताईंना ते कधीच जमलं नाही. त्यांचं शरीर जागचं हलायला तयार नसायचं आणि जीव जागेवर ठरायला तयार नसायचा, आणि या दोघांच्या भांडणात घरातल्या बाकीच्यांची फरफट व्हायची. कुकरची वाफ जायची वाट बघणं म्हणजे त्यांना शिक्षा. नळाखाली धरून, शिट्टी चिमट्यानं उचलून त्या झाकण काढायच्याच. गिऱ्हाईकाचा पहिला भात संपायच्या आत दुसरा पानात. कुणाच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या तर चहा पिऊन स्वतःच कपबशा विसळायला उठायच्या. त्यांचे यजमान दत्तूभाऊ म्हणजे शांत माणूस, दिवसभर कोपऱ्यात बसून कांदा चिरायचे. ते म्हणायचे, "अगं, टेक की जरा." त्यावर नलूताईंचं ठरलेलं उत्तर: "बसल्या बसल्या माणूस शिळं हुतं." हे म्हणताना त्यांची नजर माझ्याकडे असायची, हे मला कळत होतं. मी लक्ष देत नसे.

एका सुट्टीत त्या मला माहेरी घेऊन गेल्या. माहेर वेल्ह्याच्या अंगाला, धरणाच्या पाण्याच्या वर डोंगरात. एसटी खालच्या गावापर्यंत जाते, तिथून ओढा ओलांडून वस्तीपर्यंत चढण. ती चढण नलूताईंनी दगडादगडावर बसत, छातीवर हात ठेवत पार केली. घर अजून दिसत नव्हतं तोच वरून म्हाताऱ्याची हाक आली, "सूनबाई, च्या टाक. नली आली. वढ्यापाशी हाय."

ते आबा, त्यांचे वडील. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. ओट्यावर घोंगडी टाकून बसायचे आणि वस्तीतलं कुठलं शेरडू कुठं शिंकलं तेही सांगायचे. लेकीचं येणं त्यांना ओढ्यापासून ऐकू यायचं. नलूताई ओट्यापाशी पोचल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या, काही बोलायला तोंड उघडलं तर आबांनी हात वर केला. "दम खा, पोरी. मग बोल."

नलूताई पायरीवर बसल्या. त्यांना निमूट बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भावजयीनं मला हळूच सांगितलं की हे दर खेपेचं आहे, आबांनी असं म्हटल्याशिवाय ताईंना घरी आल्यासारखं वाटत नाही.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात त्यांची आई गेली.

लग्नसराई होती, आणि भोरचा बाजारचा दिवस. संध्याकाळी भावजयीचा फोन आला की आईनं डोळे फिरवलेत, लगेच निघा. वस्तीच्या बाजूला जाणारी मुक्कामी गाडी तेवढी एकच. नलूताई हातचं पीठ तसंच ठेवून निघाल्या. खानावळ ते स्टँड म्हणजे एरवी काही लांब नाही, पण बाजारच्या दिवशी पेठेत रिक्षा सोडा, सायकल शिरत नाही. त्या भांड्याच्या दुकानापर्यंत पोचल्या आणि गुडघे गेले. कांद्याच्या पोत्यावर बसल्या. तिथून स्टँडचं फाटक दिसतं. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि गेली. ओरडायला छातीत वाराच नव्हता. गाडीवर बाळू ड्रायव्हर होता, दोन्ही वेळचा त्यांच्याच खानावळीतला जेवणारा. त्याला कसं दिसणार? जीप बघितल्या, तर सगळ्या वऱ्हाडाला गेलेल्या. सकाळच्या गाडीनं त्या पोचल्या तेव्हा पहाटेच आई गेली होती. रात्रभर विचारत होती म्हणे, नली आली का.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. "गाडी न्हाई चुकली, बाई," त्या म्हणाल्या. "मी चुकले. आबाच्या वक्ताला न्हाई चुकायची." आणि भाकरी तव्यावर अशी आपटली की मी दचकले.

गुडघ्यांसाठी पुण्याला गेल्या, तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की आधी वजन उतरवा. उपास झाले, काढे झाले, कोमट पाण्यात लिंबू झालं. वजन थोडं उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. घरात कल्लोळ झाला. दत्तूभाऊ आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील. "सगळ्या तालुक्याला जेवू घालणारी बाई, आणि हिचंच पोट कापायचं?" नलूताईंनी पिशवी भरली आणि म्हणाल्या, "येताय का, का एकटी जाऊ?" दत्तूभाऊ गेले.

परत आल्यावर खरी गंमत सुरू झाली. म्हणजे आता गंमत म्हणते, तेव्हा वैताग होता. त्या अंगानं उतरायला लागल्या आणि भोर हवालदिल झालं. बायका केळी आणि नारळ घेऊन यायच्या, आवाज खाली करून विचारायच्या, "रिपोर्ट काय आला म्हणायचा?" एक म्हातारी तर गळ्यात पडून रडली. नलूताई वैतागून म्हणाल्या, "अवो, मराय न्हाई गेलते म्या! पळता यावं म्हणून गेलते!" म्हातारीनं डोळे पुसले आणि दत्तूभाऊंना बाजूला घेऊन म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय जणू."

गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी. स्वयंपाक करणारी बाई स्वतः वाटीभर खाते, तेही चावून चावून, घास मोजल्यासारखं, आणि जेवताना पाणीसुद्धा पीत नाही, हे त्यांना बघवेना. "आमटीत काय पडलंय का ताई?" एकानं विचारलंच. पण मला विचाराल तर ऑपरेशन परवडलं, ते चावणं परवडलं नाही. कुकरची वाट न बघणारी ती बाई एका अंड्यापुढं अर्धा तास बसायची आणि पाय मात्र पाटाखाली हलत असायचे. आधी डाळ, अंडं, उसळ. मग जागा उरली तर भाकरीचा तुकडा. गोळ्या जन्मभराच्या. वजनदार पातेली उचलायची नाहीत, तर दत्तूभाऊंचं लक्ष नाहीसं बघून त्या पायानं ढकलायच्या.

चालायला पहिल्याच दिवसापासून सांगितलं होतं. पळायला मात्र डॉक्टरीणबाईंनी महिनोन् महिने परवानगी दिली नाही. दिली तेव्हा अट घातली, रस्त्यावरच्या विजेच्या एका खांबापर्यंत पळायचं आणि पुढचे दोन खांब चालायचं. आणि दुसरी अट, पळताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की पळणं बंद.

"मग बोलायला मानूस पायजे की," नलूताई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, दत्तूभाऊ आहेत.

"ते बोलत्यात व्हय?"

अशी माझी सकाळची झोप गेली. मला पळायचं नव्हतं, कधीच नव्हतं. मी उत्रोलीच्या रस्त्यानं आपली चालायची, त्या खांबापर्यंत पळत जायच्या, परत माझ्याकडे चालत यायच्या, आणि सगळा वेळ बोलत असायच्या. आज वांगं करायचं का दोडका, दत्तूभाऊ रात्री किती घोरले, कुठल्या मास्तरनं पान न संपवता हात धुतला. दोन्ही बाजूंच्या भातखाचरांत लावणी करणाऱ्या बायकांना खानावळीचा बेत रोज आधी कळायचा. सैल पडलेली कातडी हलू नये म्हणून पोटाला सुती कापड घट्ट गुंडाळलेलं, त्यावर पंजाबी ड्रेस, ओढणीला गाठ, पायांत नोकरीसाठी बाहेर असलेल्या त्यांच्या मुलानं पाठवलेले भडक हिरवे बूट. सुरुवातीला मला त्यांच्यासोबत दिसायची लाज वाटत असे.

पण त्यांना कुणी पळू देईल तर शपथ! आमच्या या भागात पळणारा माणूस म्हणजे अडचणीतला माणूस. दुधाचा टेम्पो करकचून थांबायचा, "काय झालं मावशी? कुनाला साप चावला का?" एक मोटारसायकलवाला लांबपर्यंत मागून आला, घरात मारहाण झाली असावी अशी त्याची समजूत. आणि एसटी तर हमखास थांबायची. बाळू ड्रायव्हर ब्रेक मारायचा, कंडक्टर दार उघडायचा, खिडक्यांतून मुंडकी बाहेर यायची, "या, या! जागा हाय!"

"जा रे बाबा," नलूताई ओरडायच्या. "मी नुस्ती पळाय पळती!"

एक दिवस मी चिडून बाळूला म्हटलं, अहो, कळतं ना तुम्हाला, कशाला थांबता रोज? तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "कळतं बाई. पन ताईंस्नी मागं टाकून एकदा गेलोय मी. आता पाय आपसूक ब्रेकवर जातो."

नलूताईंनी ते ऐकलं. त्यांचं बोलणं तुटलं. पळणं बंद करून त्या चालायला लागल्या आणि गाडी बराच वेळ त्यांच्या बाजूनं हळूहळू येत राहिली. गाडीतलं कुणी कुरकुरलं नाही.

मग त्यांनी एक घोळ घातला. खांब खांब करून त्यांना कंटाळा आला होता. उत्रोलीत एका गिऱ्हाइकाकडे सत्यनारायण होता, आम्ही दोघी गेलो. यजमानीणबाईंनी शिऱ्याचा द्रोण भरून पुढं केला. तुपानं थबथबलेला. मी डोळ्यांनी खुणावलं. नलूताईंना गोड खायची बंदी होती आणि हे त्यांना पाठ होतं. पण यजमानीण म्हणाली, "परसादाला न्हाई म्हनू नये, ताई." झालं! याच्यापुढं डॉक्टरीणबाईंचं काय चालणार? त्यांनी सगळा द्रोण संपवला. उठल्या, खानावळीची वेळ झाली म्हणाल्या, आणि बूट घालून सरळ पळत सुटल्या. खांब नाही, चालणं नाही. बोलणंही नाही.

वळणापलीकडे मला त्या बांधावर आडव्या दिसल्या. घामानं न्हालेल्या, हात थरथरतायत, छाती धडधडतेय. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि इतकी घाबरले की तोंडाला येईल ते बोलले. "मरायचंय का तुम्हाला? मरा मग! आबांना कोण जाईल सांगायला, मी?" मी रडत होते आणि शिव्या देत होते. त्यांनी डोळे न उघडता माझा हात धरला. थोड्या वेळानं गाडी आली. बाळू ड्रायव्हर आपसूक थांबला, आणि त्या दिवशी मी त्याच्या पायाचे आभार मानले.

डॉक्टरीणबाईंनी फोनवरच झाडलं. छोट्या पोटातून गोड तडक खाली उतरतं, म्हणून हे असं होतं. त्यात रक्तातलं लोहही कमी निघालं. सगळं नीट होईपर्यंत पळणं बंद. उरलेला पावसाळा नलूताईंनी खानावळीत चकरा मारून काढला. हिरवे बूट काढायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या. फोन वाजला की त्यांचा चेहरा उतरायचा आणि फोन वस्तीवरचा नाही असं कळलं की पुन्हा चकरा सुरू. मी म्हटलं, अजून उशीर झालेला नाही. त्या म्हणाल्या, "तुमी गणिताच्या बाई. आबाचं वय बघा की जरा."

दिवाळीनंतर परत पहिल्या खांबापासून सुरुवात केली. आता मात्र त्या बदलल्या होत्या. पळायच्या आधी थोडं काहीतरी खायचं, पाण्याचे घोट घोट घ्यायचे, बुटाच्या नाड्या दोनदा बांधायच्या. प्रसाद आला तर कणभर जिभेवर, बाकीचा ओढणीच्या गाठीत. खांब वाढत गेले. शेवटी शेवटी त्या रस्त्याच्या टोकापर्यंत बोलत बोलत जायच्या आणि बोलत बोलत यायच्या, आणि मी ऐकून ऐकून दमायची.

उन्हाळा आला. बाजारचाच दिवस होता, संध्याकाळची मुक्कामी गाडी सुटायची वेळ, आणि भावजयीचा फोन. आबांनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं, आता बोलणंही कमी झालंय, नलीला बोलवा म्हणतायत. फोन मीच घेतला होता. मी किंचाळलेच, "नलूताई, पळा!"

त्यांनी आधी हात धुतले. फडताळातून चण्याची डबी काढली, मूठभर चणे ओढणीला बांधले. पाण्याचे दोन घोट घेतले, थांबून. खाली बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. "अहो, गाडी जाईल!" मी ओरडले. दत्तूभाऊ म्हणाले, "बाई, तुमी जावा हिच्यासंगं. मी पंगत आटोपून सकाळी येतो." नलूताई उठल्या आणि निघाल्या.

पेठेत मुंगीला वाट नव्हती. त्या पळत होत्या, सावकाश, एका चालीनं, आणि बोलत होत्या, "सरका दादा, जरा वाट द्या मावशी, व्हय व्हय, आबाकडं चाललेय, सरका." मी मागं पडले. भांड्याच्या दुकानापाशी माझ्या बरगडीत कळ आली आणि कांद्याच्या पोत्याला धरून मी उभी राहिले. तिथून फाटक दिसतं. गाडी निघायच्या बेतात, आणि ड्रायव्हर कुणीतरी नवाच. आणि दारात एक हिरवा बूट पायरीवर, एक खाली जमिनीवर, नलूताई उभ्या. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत खणखणीत आला, "थांब रं! माझ्या बाई यायच्यात!"

माझ्यासाठी गाडी थांबली. मी चढले तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

वाटेत त्या खिडकीशी बसल्या. चणे एकेक करून चावत राहिल्या. खालच्या गावात उतरलो तेव्हा डोंगरामागं थोडा उजेड होता. ओढा ओलांडला आणि त्या ज्या चढायला लागल्या, मला फक्त बूट दिसत राहिले, मग तेही दिसेनात. मी दगडादगडावर बसत, छातीवर हात ठेवत वर आले.

ओट्यावर बाज टाकली होती. आबांचं शरीर घोंगडीखाली असून नसल्यासारखं झालं होतं. नलूताई त्यांच्या उशाशी बसून हात धरून होत्या. "आबा, मी आले. मी नली."

आबांनी हात सोडवून घेतला. आवाज बारीक होता, पण तोरा तोच. "कोन हायस गं तू? नलीची चेष्टा करू नगंस. नली वढ्यापासनं ऐकू येती मला."

"आबा, मीच हाय. बरी झाले मी."

"नली यायची हाय आजून," आबा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

मी त्याच वेळी ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिले, धापा टाकत. आबांचं तोंड परत वळलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी हात माझ्याकडे पुढं केला. "आली बघ! आली माझी नली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मी तशी नजर पुन्हा कुणाची पाहिली नाही. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि श्वास दाबून धरला.

मग नलूताई वाकल्या. आबांचा तो पुढं केलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला, तोंड त्यांच्या कानाशी नेलं, आणि धापा टाकायला लागल्या. पूर्वीसारख्या, भात्यासारख्या, खांदे वरखाली करत. इतक्या मेहनतीनं घालवलेली ती धाप त्यांनी पुन्हा जशीच्या तशी आणली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या टाकतच राहिल्या.

आबांनी दुसरा हात चाचपत वर आणला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"दम खा, पोरी," ते म्हणाले. "दम खा. आता कसली घाई न्हाई."